नोटेचा कान

२०२३ साल होतं आणि मला त्र्याहत्तरावं लागलं होतं. वय मी पक्कं सांगतो. आमच्या पिढीतले लोक वयाचा अंदाज सांगतात, मला अंदाज आवडत नाही. शाळा तिसरीपर्यंत झाली. पुढं मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. त्यात चूक कोणाची होती हे इथं सांगत बसत नाही, मास्तर आता नाहीत. अक्षराला अक्षर जोडून वाचतो, लिहितोही तसंच. ज्याला वाचायला त्रास होईल त्यानं हळू वाचावं.

जन्मभर मी दोर विकले. बैलाचा कासरा, गाईचं दावं, विहिरीचा सोल, झोपाळ्याची दोरी. वरवट बकालला घर, आणि बाजाराच्या दिवशी जळगाव जामोद, शेगाव, जिथं बाजार तिथं मी. खाली पोतं अंथरायचं, दोराची वेटोळी मांडायची आणि गिऱ्हाईक येईपर्यंत गप्प बसायचं. ओरडून माल विकणं मला कधी जमलं नाही. ज्याचा बैल सुटला तो येतोच.

चुकलेल्या नोटा गोळा करायचा नाद तिथंच लागला. चुकलेली म्हणजे छापतानाच बिघडलेली. एक गिऱ्हाईक दाव्याचे पैसे देताना एक नोट सारखी मागं मागं सरकवत होतं. मी म्हटलं, दाखव. तर त्या नोटेवर नंबरच नाही. बाकी सगळं जिथल्या तिथं, नंबराची जागा मात्र कोरी.

"चहावाल्यानं वापस केली, कांदेवाल्यानं वापस केली," तो म्हणाला. "नकली म्हणतेत."

"मी घेतो."

"तुम्ही काऊन घेता?"

"त्यायनं नाही घेतली म्हणून."

हेच खरं कारण आहे. पुढं लोकांनी मला पुष्कळ विचारलं की बाबा, हा शौक कसा लागला, काय पाहून लागला. मी काही पाहून वगैरे घेतली नव्हती. सगळा बाजार एका गोष्टीला नाही म्हणत असला की मला हो म्हणावंसं वाटतं. हा माझा स्वभाव आहे आणि तो मला कधी वाईट वाटला नाही.

मग बाजारात माहीत झालं. कोणाकडं अशी नोट आली की म्हणायचे, दोरवाल्याकडं जा, तो घेते. एक आली तिच्यावर शाई अशी सरकलेली की सगळं चित्र दोन दोन दिसतं. एकीच्या मधून पांढरी रेघ गेलेली, कागदाला छापायच्या आधी चुणी पडलेली असणार. एकीची मागची बाजू कोरी करकरीत. घरी आणून दाखवली की बायको म्हणायची, "हे कागद पोटाले खाता येतेत का?" मी म्हणायचो, दोर तरी कुठं खाता येते. ती गेली त्यालाही आता बरेच दिवस झाले. पोरगा पुण्याकडं कंपनीत आहे. रविवारी फोन करतो, गोळ्या घेतल्या का विचारतो, आणि घेतल्या म्हटलं की त्याच्याकडचं बोलणं संपतं. माझ्याकडचं शिल्लक असतं.

गुडघे गेले तेव्हा बाजार सुटला. बाजार सुटला म्हणजे नोटाही सुटल्या. आता तर कोथिंबिरीच्या जुडीलाही लोक मोबाईल पुढं करतात, खिशात नोट असतेच कुठं. दिवसभर दारात बसलो तरी हातात एक कागद येत नाही. सकाळी शेजारचे वावरात जातात, दुपारी गल्लीत कुत्रं झोपतं, संध्याकाळी सगळे परत येतात. सगळे रामराम करतात. बसत कोणी नाही.

शेगावला मंदिराच्या रस्त्यावर जुनी नाणी विकणारा एक जण बसायचा. नोटा मोठ्या तावावर छापतात आणि मग कापतात, हे मला त्यानंच सांगितलं. त्यानंच एक दिवस माझा मोबाईल घेतला आणि मला एका ग्रुपात टाकलं. मोबाईलवरचा ग्रुप, चुकलेल्या नोटावाल्यांचा. कुठले कुठले लोक. कोणी हिंदीत बोलायचं, कोणी मराठीत, काही इंग्रजीत लिहायचे ते मी सोडून द्यायचो. मला टाईप करायला वेळ लागतो, म्हणून मी बटन दाबून बोलायचो. माझा आवाज मोठा आहे, बाजारात बसून नाही, घरात एकटं राहून मोठा झाला आहे. ते मला 'वरवटवाले बाबा' म्हणायला लागले. सकाळी उठलं की आधी मोबाईल पाहायचो. कोणी नोट टाकली असली की मी बोलायचो, मी टाकली की दुसरे बोलायचे. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मी दुसऱ्या कोणाशी एवढं बोलत नव्हतो.

आता कानाचं सांगतो.

माझ्याकडं एक शंभराची नोट होती, जुनी, निळसर. छापून झाल्यावर मोठ्या तावाचा एक कोपरा दुमडला असणार. तसाच तो कापायच्या मशीनखाली गेला. दुमडलेला भाग कापण्यातून वाचला, आणि पुढं तो उलगडला तेव्हा नोटेच्या बाहेर तिरपं निघालेलं एक टोक राहिलं. नखाएवढं. मी त्याला कान म्हणायचो. सगळ्या नोटा चौकोनी, ही एकटी कानाची. बकऱ्या विकणाऱ्या एका माणसाकडून आली होती आणि तिच्या बदल्यात कोणी मोटारसायकल देतो म्हटलं असतं तरी मी ती दिली नसती.

तिचा फोटो मी ग्रुपात टाकला. वा वा झालं. दोन दिवस मी फार खुश होतो, भाजीत मीठ जास्त पडलं तेही गोड लागलं. मग तिसऱ्या दिवशी एक जण आला. त्याचं नाव दिसत नव्हतं, नुसता नंबर. त्यानं लिहिलं, "बाबा, गोंद कौन सा लगाया?"

म्हणजे कान मी चिकटवला असं त्याचं म्हणणं. खाली लोकांनी हसणारी तोंडं टाकली. जे काल वा वा म्हणत होते त्यांनीही टाकली. मी बटन दाबून सांगितलं की बाबा रे, मी आयुष्यात दोर विकले, जोड दिला असला तर जोड आहे म्हणून सांगून विकले. तो म्हणाला, "तो फिर किसी को हाथ में देके दिखाओ. फोटो में तो गधे को भी सींग लगते हैं."

मी म्हटलं, या माझ्या घरी. कोणीही या. चहा पाजतो, जेवू घालतो, नोट हातात देतो.

कोणी आलं नाही. वरवटला कोण येणार? ग्रुपात गंमत सुरू राहिली. कोणी नवी नोट टाकली की कोणीतरी म्हणायचं, बाबांना विचारा, गोंद कोणता. मला झोप लागेना. नोट गेली असती तर चाललं असतं, पण माझा शब्द खोटा पडून तो त्या माणसाच्या मोबाईलमध्ये राहावा हे मला चालणारं नव्हतं. आणि ग्रुप सोडला असता तर मी कोणाशी बोललो असतो? भिंतीशी? एकच उपाय होता. ग्रुपातल्या कोणीतरी नोट हातात घ्यावी आणि ग्रुपात सांगावं की हो, कान खरा आहे.

तेव्हा एक बाई पुढं आली. अमरावतीकडची, दवाखान्यात नर्स होती, आता रिटायर. ग्रुपात ती कमी बोलायची. तिचा आवाज आला, "भाऊ, आम्ही पुढच्या आठवड्यात शेगावले दर्शनाले येऊन राह्यलो. घरचे लोक रांगेत लागतीन, मी तुमची नोट पाहीन. या घेऊन. अन् जे असन थे मी लिहीन."

मी तो आवाज परत परत ऐकला. दाढी करून घेतली. पांढरं धोतर धुऊन निळीत काढलं. सगळ्या नोटा फोटोच्या अल्बमात होत्या, पण कानाची नोट अल्बमाच्या खिशात मावत नव्हती, कान दुमडावा लागायचा, म्हणून ती मी जुन्या पंचांगात ठेवायचो. वैशाखाचं ऊन, एसटीची गर्दी, हाताचा घाम. एवढ्या लांब पंचांगात घालून नेली आणि कान मोडला तर? माझ्या डोक्यात आलं, प्लास्टिकमध्ये घालून घ्यावी. आमच्याकडं सगळं प्लास्टिकमध्ये घालतात. आधार, राशन कार्ड, मार्कलिस्ट, मेलेल्या माणसाचा फोटो. त्यात गेलं की ते टिकलं, असं आम्ही समजतो.

स्टँडजवळ एक झेरॉक्सवाला आहे. त्याचे वडील माझ्याकडून बकऱ्यांसाठी दोर घ्यायचे, तो मला चाचा म्हणतो. मी नोट पुढं ठेवली.

"चाचा, याची झेरॉक्स मागू नका. नोटेची झेरॉक्स मारली तं मले आत टाकतीन."

"झेरॉक्स कोन मागते बे? लॅमिनेशन कर."

"नोटेचं लॅमिनेशन?" तो हसला. "हार घालून भिंतीवर टांगता का?"

"तुले काय करायचं? मशीन चालव."

"मशीन गरम व्हाले टाईम लागते. तुम्ही चहा घ्या तवलोक."

मी समोरच्या गाडीवर चहा घेतला. चहावाल्यानं विचारलं, पाहुणे येणार का, धोतर चमकून राह्यलं. मी म्हटलं, मी जाऊन राह्यलो पाहुणा. हे म्हणताना बरं वाटलं.

परत आलो तेव्हा नोट तयार होती. चकचकीत, चारी कोपरे गोल केलेले, गरम गरम. मी ती उलटी केली, सुलटी केली.

"अन् कान?"

"कोनता कान?"

"नोटेचा!"

"थे कोपऱ्यातून निघालेलं होतं थे? कापलं ना. वाकडं दिसत होतं, चाचा. म्हटलं तुम्ही एवढे शौकानं करून राह्यले तं नीट सरळ करून द्यावं." मग त्यानं माझं तोंड पाहिलं. "काऊन? काय झालं?"

आधार कार्डाच्या वाढीव कडा कापतो तसा त्यानं कान कापला होता. त्याचा हात नीट माणसाचा हात आहे. वाकडं दिसलं की त्याला राहवत नाही. मी खाली बसलो, दुकानाच्या पायरीवर. त्याला थोडं थोडं समजलं, तेव्हा त्यानं काउंटरखालची कचऱ्याची बादली उचलली आणि सगळी फरशीवर पालथी केली. आम्ही दोघं गुडघ्यावर बसून हुडकू लागलो. पासपोर्ट फोटोच्या कापलेल्या कडा होत्या, कोणाचा खांदा, कोणाच्या मागचा निळा पडदा, प्लास्टिकच्या लांब लांब पट्ट्या. एक गिऱ्हाईक आलं, त्याला तो म्हणाला, "उद्या या." माझे गुडघे वाकत नाहीत, त्या दिवशी वाकले.

तुकडा त्यालाच सापडला. चिमटीत धरून त्यानं माझ्या तळहातावर ठेवला. "लावून देऊ का, चाचा? बारीक टेप आहे माह्याजवळ. दिसनार नाही."

"नको," मी म्हटलं. "टेप नको. गोंद तं अजिबात नको."

तो पैसे घेईना. मी काउंटरवर ठेवले. त्यानं परत माझ्या खिशात घातले, मी परत ठेवले. शेवटी ते तिथंच राहिले आणि मी घरी आलो.

जाऊ नये असं वाटलं. पण मी येतो म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकची नोट वरच्या खिशात, तुकडा कागदाच्या पुडीत, आणि अल्बम घरीच ठेवून मी शेगावच्या गाडीत बसलो. बाकीच्या नोटा कशाला न्यायच्या, ती काही त्या पाहायला येत नव्हती.

मंदिराच्या रस्त्याला एका रसवंतीत ती बसली होती. साठीची, चष्मा, पदर खोचलेला, पायात कापडी बूट. मला पाहून उठली.

"तुम्हीच का भाऊ वरवटवाले? मले वाटलं उंच असान."

"ग्रुपावर उंची दिसत नाही."

"आवाज तं उंचच आहे तुमचा." ती हसली. "बसा. रस घेता? बर्फ नको सांगू का? या वयात बर्फ नको."

दोन रस सांगितले. तिनं विचारलं, गाडीत जागा भेटली का, सकाळी काही खाल्लं का. मी हो हो म्हणत होतो, माझं ध्यान खिशाकडं होतं. तिनं पिशवीतून बिस्किटाचा पत्र्याचा एक चपटा डबा काढून टेबलावर ठेवला, झाकण उघडलं, आणि म्हणाली, "मीही आनल्या थोड्याशा. घरी तं कोनी..." मी तेवढ्यात माझी नोट काढून त्या डब्यावरच ठेवली.

तिनं चष्मा वर केला. प्लास्टिकवरून बोट फिरवलं.

"हे कोनं केलं, भाऊ?"

मी सांगितलं. झेरॉक्सवाला, चहा, बादली, सगळं. ती हसली नाही. एवढं खरं, हसली नाही. मग मी पुडी सोडायला लागलो तर ती रसवंतीवाल्याला म्हणाली, "भाऊ, पंखा बंद करा जरा वेळ." तो म्हणाला, "बाई, गिऱ्हाईक पळतीन." "पळू द्या, आम्ही आहो ना." पंखा थांबला. तिनं तो तुकडा नखानं सरकवत सरकवत नोटेच्या कोपऱ्याला नेला. नोटेच्या नक्षीची रेघ आणि तुकड्यावरची रेघ जुळली.

"बसते," ती म्हणाली.

"बसते ना? मंग लिहा."

"काय लिहू?"

"का कान खरा होता. का तुम्ही पाह्यला."

"म्या कान नाही पाह्यला, भाऊ. म्या तुकडा पाह्यला."

"एकच झालं!"

"एक कसं? दवाखान्यात म्या जे डोळ्यानं पाह्यलं थेच लिहलं. डॉक्टर म्हने लिहा, तरी नाही लिहलं. मले तुमचं पटलं. पटलं हे लिहीन. पाह्यलं असं नाही लिहीन."

"पटल्यानं काय होते? तो गोंदवाला हसन अजून. मी एवढा उन्हातानात आलो, दोन शब्द लिहाले तुमचा हात दुखते का?"

"हात नाही दुखत. तुम्ही चिडू नका. आधी रस प्या."

"नाही पेत."

"बाकीच्या नोटा आनल्या का? दाखवा ना. अन् या माह्या..."

"तुमाले काय करायच्या बाकीच्या!"

हे मी मोठ्यानं बोललो. रसवंतीवाल्यानं मान वळवली. मी नोट उचलली, पुडी बांधली, दोन्ही रसांचे पैसे टेबलावर ठेवले आणि निघालो. ती मागून म्हणाली, "थांबा तं भाऊ, आम्ही सकाळीच निघनार आहो उद्या." मी ऐकलं. थांबलो नाही. स्टँडवर गाडी लागायला उशीर होता, मी उभाच राहिलो. बसायला जागा होती, पण बसलो नाही. रागात बसू नये, बसलं की राग उतरतो.

संध्याकाळी तिनं ग्रुपात लिहिलं. अंगणात बाज टाकून मी एक एक अक्षर जोडून वाचलं. "आज भाऊंना भेटले. कान दुकानात कापला गेला. तुकडा मी पाहिला, नोटेला बरोबर बसतो. मला त्यांचं पटलं. अख्खी नोट पाहिली नाही म्हणून तेवढंच लिहिते."

म्हणजे तिनं जसं म्हटलं तसंच केलं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही.

मग बाकीचे आले. तो नंबरवाला पहिला. "अरे बाबा, लॅमिनेशन! माफ करो, आप गोंदवाले नहीं, प्लास्टिकवाले निकले." हसणारी तोंडं, खूप सारी. कोणी म्हणालं, बाबांनी म्हशीलाही प्लास्टिक लावलं असेल. कोणी म्हणालं, गोंद बरा होता. पण लबाड कोणी म्हणालं नाही. लबाडीचा डाग गेला. मला हवं होतं ते झालं होतं, त्या बाईच्या चार ओळींनी झालं होतं, आणि मी बाजेवर बसून वाट पाहत होतो की आता बरं वाटेल.

बरं वाटलं नाही. थोड्याच वेळात कोणीतरी एक नवी नोट टाकली, दोन बाजूंना दोन वेगळे नंबर असलेली. सगळे तिकडं धावले. वा वा, कुठं भेटली, देता का. माझा कान वर वर सरकत गेला आणि दिसेनासा झाला. एवढे दिवस मी त्यासाठी झोपलो नव्हतो. तेवढ्यात मोबाईल वाजला, त्या बाईचाच फोन होता. उचलला नाही. उचलून काय बोललो असतो?

मग मी बोटानं मागं मागं जात राहिलो. उद्योग नव्हता दुसरा. माझं बोलणं, त्याचे टोमणे, परत माझं बोलणं. मधेच एके ठिकाणी त्या बाईनं एक फोटो टाकलेला होता. दहाची नोट, अर्धी छापलेली, अर्धी फिकी होत होत पांढरी झालेली, सकाळच्या धुक्यात अर्धं गाव दिसतं तशी. खाली तिनं लिहिलेलं, "ही कशी वाटते?" त्याच्या खाली कोणाचं काही नाही. एक अंगठासुद्धा नाही. त्याच्या लगेच खाली माझाच आवाज होता, मी त्या नंबरवाल्याला शिव्या घालत होतो. आणखी मागं गेलो. तिचा आणखी एक फोटो, आणखी एक. त्यांच्याखालीही कोणी काही बोललेलं नव्हतं. मी ग्रुपात पहिल्यापासून आहे. हे सगळे फोटो माझ्या डोळ्यांपुढून गेलेले होते.

रसवंतीतला तो डबा आठवला. उघडा होता. माझ्या समोर होता. आत काय होतं, विचाराल तर मला सांगता येणार नाही. मी त्याच्यावर माझी नोट ठेवली होती.

भाकर केली नव्हती. सकाळची होती ती दुधात कुस्करून खाल्ली आणि दिवा घालवून पडलो.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी स्टँडवर होतो. पहिल्या गाडीनं शेगावला गेलो. कुठं उतरली हे ती बोलता बोलता म्हणाली होती, मंदिरापासून जवळची यात्रेकरूंची इमारत. तिथं अंगणात एक मोठी गाडी उभी होती, घरचे लोक सामान चढवत होते, कोणाची तरी चप्पल सापडत नव्हती म्हणून ओरडा चालला होता. ती पायरीवर बसून कापडी बुटाची नाडी बांधत होती.

मला पाहून तिला नवल वाटलं असणार, पण तिनं तसं दाखवलं नाही. "फोन काऊन नाही उचलला?"

"ऐकू नाही आला," मी म्हटलं. मोबाईल माझ्या उशाशी होता.

"म्या लिहलं थे वाचलं का? राग आला असन."

"आला. अजून आहे. तुम्ही लिहायला पाहिजे होतं मी म्हटलं तसं."

"नाही लिहीन," ती म्हणाली.

"नका लिहू." मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. गुडघे दुखले, बसायला वेळ लागला. "तुमचा तो डबा काढा."

"डबा? थो आतल्या बॅगीत गेला, भाऊ. गाडी निघून राह्यली आता."

गाडीतून तिच्या जावेनं हाक मारली, "बाई, चाला ना! ऊन होते!"

"हाव, येते म्हना त्यायले," मी म्हटलं. "बॅग उतरवा. मी वरवटहून पाहाले आलो."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग अर्धी बांधलेली नाडी तशीच सोडून उठली, गाडीपाशी गेली, आणि सगळ्यांचं ऐकून घेत घेत दोन पिशव्या खाली काढून तिसरीतून डबा आणला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ती माझ्या शेजारी बसली आणि झाकण उघडलं.

सगळ्यात वर ती अर्धी फिकी दहाची होती. मी हात धोतराला पुसले, नोट दोन्ही बाजूंनी धरून उचलली आणि उन्हाकडं करून पाहायला लागलो.